चौथा ठोका

आमच्या व्याह्यांना या जगात एकच गाणं ऐकू येतं. बाकीची सगळी गाणी त्यांच्या लेखी त्या एका गाण्याच्या मधल्या रिकाम्या जागा भरायला केलेली आहेत. भजन, भावगीत, लावणी, चर्चमधल्या मिस्सेतली स्तोत्रं, आमच्या सोसायटीच्या गणपतीतली आरती, काहीही ऐकवा, ते शांतपणे ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, "चांगलं आहे. पन त्याला खालून बेस नाय." ते एकमेव गाणं म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुणा काळ्या वादकांनी वाजवलेलं एक फंक गाणं. फंक म्हणजे काय, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं खर्डेघाशी केली, बोळिंजला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आता दुपारी जेवून दोन तास पडायचं एवढीच निवृत्तीची कल्पना होती. मग मुलीने वसईच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा सोन्यासारखा. त्याच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्याबरोबर आलेल्या वडिलांबद्दल, आणि तीही मी कुठे नेऊन मांडणार?

व्याह्यांची गावात सोनचाफ्याची आणि केळीची वाडी आहे. पहाटे फुलं खुडून होतात, दुपारपर्यंत पाणी देऊन होतं, आणि मग त्यांना आमची आठवण येते. बरोबर दोन वाजता, माझा नुकता डोळा लागलेला असताना, ते स्कूटरवरून बोळिंजला हजर. आठ वर्षांत या माणसाने आमची बेल एकदाही दाबलेली नाही. ते दारावर बोटांनी वाजवतात, आणि दार उघडेपर्यंत थांबत नाहीत. हातात चाफ्याची पुडी आणि केळ्यांचा फणा असतो, त्यामुळे माणसाला धड चिडताही येत नाही. मग बसल्या बसल्या फंक म्हणजे काय ते मला पुन्हा एकदा समजावून देतात. "सगळं वजन एकावर. एक, दोन, तीन, चार. त्यातला एक घट्ट धरायचा. एक सापडला की बाकीचे तिघं कुठे जातात?" हे सांगताना 'एक' माझ्या मांडीवर पडतो, दोन आणि तीन टेबलावर, आणि चौथा हिच्या पोह्यांच्या डब्यावर. हिने आता तो डबा कपाटात कुलपात ठेवला आहे. मी कितीदा म्हटलं, व्याही, मी थकलेला माणूस आहे, मला एक ते चार कशाला शिकवता? तर म्हणतात, "थकलात म्हनूनच सांगतो."

तरुणपणी ते गावच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. बँड त्यांच्या थोरल्या भावाचा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असा जुना थाट आणि त्यात ह्यांनी हट्टाने घुसवलेली बेस गिटार. ड्रमवर पाचूबंदरचा इनास. कोळ्याचा पोर, अधूनमधून जहाजावर नोकरीला जाणारा, आणि व्याह्यांचा जिवाभावाचा मित्र. त्या इनासशी व्याही चाळीस वर्षांहून अधिक काळ बोललेले नव्हते. का, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. एवढंच कळलं होतं की बँडमध्ये काहीतरी बिनसलं आणि मरायच्या आत एकदा इनासच्या दारात जायचं, ही व्याह्यांची एकच इच्छा उरली आहे. माणसाच्या इच्छा कशा असतात? कुणाला काशीला जायचं असतं, कुणाला रोमला. यांना जायचं होतं पाचूबंदरला, घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं, आणि तेवढं यांना जमत नव्हतं.

तोवर ते गाणं ऐकत होते. आणि त्या गाण्याचा खरा दोष असा की ते मरत नाही. आमच्या वेळची किती चांगली चांगली गाणी लोक विसरले, पण हे मेलं कुठेही उगवतं. कुकरच्या जाहिरातीत ते आहे. आमच्या इमारतीखालच्या जिममध्ये सकाळी साडेसहाला ते आहे. टीव्हीवर पोरांच्या नाचाच्या स्पर्धेत दर वर्षी कुणीतरी चमकीचा कोट घालून त्याच्यावर नाचतं आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. ही मोबाईलवर भाजीच्या कृती बघते, त्या कृतीत कांदा परततानाही तेच. समोरच्यांच्या मुलाच्या लग्नाच्या संगीतात ते गरब्यात मिसळून वाजलं, विसर्जनाला बँजो पार्टीने ते वाजवलं, आणि आजकालची पोरं जी बडबडगाणी म्हणतात त्यातल्या निम्म्यांच्या खाली याचाच बेस उचलून घातलेला आहे, असं व्याही शपथेवर सांगतात. ते कुठेही वाजलं की व्याही आधी माझं कोपर पकडतात. मग एका ठरावीक जागेची वाट बघतात. ती जागा आली की एक बोट वर करतात, क्षणभर तसंच धरतात आणि सावकाश खाली घेतात. मग कोपर सोडतात. मला वाटायचं, ही दाद द्यायची तऱ्हा असेल.

या बोटापायी मी काय काय सोसलंय म्हणून सांगू! चंदनसारला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची आई गेली. मी भेटायला निघालो तर हे म्हणाले, चला, मी सोडतो, आणि सोडून बाहेर थांबायचं तर आत येऊन बसले. खोलीत सगळे गप्प. तेवढ्यात कुणाच्या तरी खिशातला फोन वाजला, आणि वाजलं काय असेल? अहो, तेच! व्याह्यांनी माझं कोपर धरलं आणि डोळे मिटून बोट वर केलं. सहकाऱ्याने ते बोट पाहिलं, त्याला वाटलं, हे गृहस्थ वरच्याकडे बोट दाखवताहेत, आणि इतका वेळ आवरून धरलेला माणूस हमसाहमशी रडायला लागला. निघताना तो व्याह्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही एक शब्द न बोलता माझं सांत्वन केलंत." मी मान खाली घालून चपला शोधत होतो. दुसरा प्रसंग, त्यांच्या छातीत जरा दुखलं म्हणून कार्डिओग्रॅम काढायला नेलं, तर बाहेरच्या टीव्हीवर ती कुकरची जाहिरात लागली. आत ते पायाच्या अंगठ्याने ताल धरून बसले. तिथली बाई तीनदा म्हणाली, "अंकल, हलू नका." शेवटी तिने बाहेर जाऊन टीव्ही बंद केला तेव्हा कुठे यांचं हृदय कागदावर उतरलं.

आता त्या गाण्याची गावातली कथा. गावात त्याला 'अमेरिकन' म्हणतात. मूळ नाव कुणाला ठाऊक नाही आणि कुणाला त्याची गरजही वाटत नाही. लग्नाच्या मांडवात 'अमेरिकन' वाजल्याशिवाय पंगत बसत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी ते पहिल्यांदा पाहिलं. व्याही स्वतः बेसवर, बाकी सगळे पुतणे नि भाचे. म्हातारे, बाया, पोरं, दोन-अडीचशे माणसं रांगा धरून छान नाचत होती, आणि एकदम, कुणी न सांगता, सगळ्यांनी मिळून डावा पाय उचलला आणि एक टुणकन उडी मारली. पुन्हा नाच. पुन्हा थोड्या वेळाने उडी. फादरही कोपऱ्यात उभ्या उभ्या टाचा उचलत होते. माझ्या थोरल्या मेव्हण्यांना वाटलं, आपल्याकडे सप्तपदी तसा यांच्याकडे हा विधी असेल, म्हणून त्यांनी बूट काढून ठेवले आणि अत्यंत भक्तिभावाने उड्या मारल्या. त्या उडीला गावात 'उचकी' म्हणतात, हे मागाहून कळलं. गाणं त्या जागी एक ठोका गिळतं. तीनच ठोके पडतात आणि लगेच पुढचा 'एक' येतो. तो चुकू नये म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच लोकांनी ही उडी बसवली. लहान पोर चालायला लागलं की त्याला उचकी शिकवतात. मला ते सगळं फार लोभसवाणं वाटलं, हे आज कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मात्र मी गुडघ्याचं कारण सांगून खुर्चीवर बसून राहिलो.

परवाच्या नाताळानंतर थोरल्या भावाच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. भाऊ वारून बरीच वर्षं झाली, त्यामुळे मुलीचे बाप म्हणून सगळं व्याह्यांनीच केलं. मुलीला डीजे हवा होता. व्याह्यांनी तो ठरवला, मी मनात म्हटलं, चला, एका लग्नापुरती तरी सुटका. डीजे चांगला तिशी ओलांडलेला, दाढीवाला, अदबशीर माणूस. त्याला कुणीतरी सांगितलं, इथे अमेरिकन लावावं लागतं. गुणगुणून दाखवलं. तो हसला, "इतना ही? अभी लगाता हूं." आणि त्याने मूळ गाणं लावलं, अमेरिकेत वाजवलं होतं तसं, मांडवाच्या चारी कोपऱ्यांतून.

सगळा गाव उठला. रांगा झाल्या. जागा आली, अडीचशे डावे पाय वर गेले, अडीचशे माणसं उडून खाली आली, आणि गाण्याचा चौथा ठोका त्यांच्या डोक्यावरून निवांत चालत गेला. पुढच्या फेरीला तर कहरच. अर्धी माणसं उडी मारून बसलेली, अर्धी मारू की नको या विचारात एका पायावर. आमच्या विहीणबाईंच्या पायावर कुणाची तरी टाच पडली. नवऱ्यामुलाच्या मामांचं सरबत थेट फादरच्या झग्यावर. गाणं थांबवावं लागलं. मग गावची चार वडीलधारी मंडळी डीजेकडे गेली आणि म्हणाली, "गानं चुकीचं लावलंय." तो बिचारा हात जोडून म्हणाला, "अंकल, ये ओरिजिनल है." झालं! "ओरिजिनल? आमाला ओरिजिनल सांगतो? आमी चाळीस वर्सं वाजवतोय!" त्याने फोनवर दाखवलं, लॅपटॉपवर दाखवलं, तीन निरनिराळ्या ठिकाणांहून तेच गाणं ऐकवलं. सगळीकडे चार ठोके. मंडळींनी विचारविनिमय केला आणि निर्णय दिला की कंपनीने नंतर काहीतरी घुसडलेलं आहे. आणि मग सगळे व्याह्यांकडे वळले. "तुमी सांगा याला. तुमी तर पयल्यापासून वाजवता."

व्याह्यांनी डीजेकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि मांडवाबाहेर निघून गेले. मी गेलो मागोमाग. मीच जाणार, दुसरं कोण जातंय! मांडवामागे केळीपाशी रिकाम्या खुर्च्यांची चळत लावली होती. तिच्यातली एक काढून ते बसले होते. नवे बूट काढून बाजूला ठेवलेले. संध्याकाळची सहाची वेळ. मला म्हणाले, "व्याही, गानं बरोबर आहे. चुकीचे आमी आहोत. आनि ते मी केलं."

कॅसेट त्यांच्या एका आतेभावाने जहाजावरून आणली होती. थोरल्या भावाने ती कपाटात ठेवून दिली. रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांनी मिळून ऐकायची आणि बसवायची, असा त्याचा शिस्तीचा बेत. व्याह्यांचं तेव्हा नुकतंच लग्न ठरलेलं. शनिवारी त्यांनी ती कॅसेट गुपचूप उचलली आणि होणाऱ्या बायकोला ऐकवायला तिच्या घरी नेली. तिच्या भावाच्या टेपरेकॉर्डरने ती मधोमध खाल्ली. फीत बाहेर ओढली तर चुरगळून फाटलेली. दाढीच्या पात्याने फाटका भाग कापला, चिकटपट्टीने टोकं जोडली, पेन्सिलीने गुंडाळून कॅसेट जागेवर नेऊन ठेवली. "केवढासा तुकडा होता," ते म्हणाले, आणि दोन बोटं जोडून दाखवली. "एवढाच. मला वाटलं, दोन बोटांत काय जातं?"

त्यात चौथा ठोका गेला. रविवारी बँडने कॅसेट ऐकली आणि ती जागा आल्यावर सगळे चमकले. पण थोरला भाऊ म्हणजे काय ऐरागैरा नव्हे. त्याने विचार करून सांगितलं, अमेरिकन लोक उगाच काही करत नाहीत, एकदा ठोका सोडलाय म्हणजे दर फेरीला सोडायचा, कॅसेटवाला पुढे सोडायचा विसरला असेल. तसंच बसवलं, तसंच वाजलं, आणि त्या मोसमात पाच-सहा लग्नांत लोकांनी उचकी शोधून काढली. आठ महिन्यांनी इनास जहाजावरून परत आला. प्रत्येक बंदरावर त्याने ते गाणं ऐकलेलं. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी एका लग्नात, सरावाशिवाय, थेट ड्रमवर बसला आणि चार ठोके वाजवले. बँड एकीकडे, ड्रम एकीकडे. नाचणारे एकमेकांवर आदळले, लोक हसले. थोरल्या भावाने भर मांडवात बँड थांबवला, इनासच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बोटीवर जाऊन ताल विसरलास. आधी ताल शीक, मग ये."

"त्याने माझ्याकडे बघितलं," व्याही म्हणाले. "थोरल्याकडे नाय. माझ्याकडे. आनि मी काय केलं? मी बेसची खुंटी पिळत बसलो. तार लागलेलीच होती."

इनास उठून गेला. पुन्हा बँडमध्ये आला नाही, पुन्हा ड्रमला हात लावला नाही. व्याही म्हणाले, दुसरं एखादं गाणं असतं तर चार वर्षांत लोक विसरले असते, मीही विसरलो असतो. हे मेलं नाही. जिथे जावं तिथे वाजतं, आणि सगळीकडे, अख्ख्या जगात, त्या जागी चौथा ठोका असतो. फक्त आमच्या मांडवात नसतो. तेव्हा कुठे मला त्या वर केलेल्या बोटाचा अर्थ लागला. आठ वर्षं मी याला शौक समजत होतो. मला माझीच लाज वाटली. फादरकडे पापनिवेदन तरी केलंत का, असं मी विचारलं. "केलं की. पस्तीस वर्सांपूर्वी. फादरनी सांगितलं, तीन वेळा नमो मरिया म्हन आनि त्या मानसाला जाऊन सांग. नमो मरिया लगेच झालं."

त्यानंतर आमच्या पाचूबंदरच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी कशाला? तर म्हणे, तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला नीट बोलता येतं. तेहतीस वर्षांत माझ्या नीट बोलण्याने कुणाचं काम झाल्याचं मला आठवत नाही, पण गेलो. पहिल्या खेपेला वसईच्या किल्ल्यापर्यंत पोचलो आणि हे म्हणाले, आज तो समुद्रावर असेल. मागे फिरलो. फिरताना सुक्या मासळीवाल्या बाईने हाक मारली म्हणून बोंबील घेतले. दुसऱ्या खेपेला त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, एका माणसाला विचारलं, इनास आहे का? तो म्हणाला, आहे ना, घरीच आहे. "घरी आहे म्हनतो!" असं म्हणून व्याह्यांनी स्कूटर अशी काही वळवली की मी पडता पडता वाचलो. पुन्हा बोंबील. तिसऱ्या खेपेला दुपारची वेळ होती, तर म्हणाले, झोपला असेल, झोपलेल्या माणसाला उठवणं बरं नव्हे. हे मला! माझ्या दारावर आठ वर्षं दुपारी दोनला वाजवणारा माणूस हे मला सांगत होता. मी जवळा घेतला. हिने विचारलं, "तुम्ही दोघं मिळून मासळीचा धंदा काढताय का? माळ्यावर जागा नाही आता."

चौथ्या खेपेला मी रिक्षा केली. स्कूटर नको, ती वळते. म्हटलं, व्याही, मी सहासष्ट वर्षांचा आहे, मला रक्तदाब आहे, मला आता ही ये-जा झेपत नाही. आज सांगायचं नसेल तर पुन्हा माझ्यासमोर त्या गाण्याचं नाव काढायचं नाही. किल्ल्यापाशी ते उतरायला निघाले तेव्हा मी त्यांचं कोपर धरून ठेवलं.

इनास घरासमोर ओट्यावर बसला होता. बनियन, जाड भिंगांचा चष्मा, जाळ्याचा एक पदर पायाच्या अंगठ्यात अडकवून फाटलेलं विणत होता. त्याने मान वर केली, व्याह्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आलास? बस." व्याही बसले नाहीत. उभेच राहिले, हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. शेवटी मी घसा साफ केला आणि म्हणालो, "त्याचं असं आहे की..."

"तुमी गप रावा, पावनं," इनास म्हणाला. "त्याला बोलू द्या."

व्याही म्हणाले, "ती कॅसेट मी तोडलेली. जोडली पन मीच. तू बरोबर वाजवत होतास."

इनासची सुई थांबली नाही. तो म्हणाला, "माला म्हाईत हाय. वाजताना तिथे टिक आवाज यायचा, जोडलेल्या जागी. बोटीवर मी काय कमी फिती जोडल्या? आलो त्या रात्री तुमच्याकडेच जेवलो, तवा थोरल्याने लावलेली. पयल्यांदा ऐकल्याबरोबर कळला. जोडली कोनी तेबी कळला. तुमच्या घरात चिकटपट्टी तूच वापरायचास."

"मग बोलला का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तू बोलशील म्हनून थांबलो. दोन दिवस घरात बसून व्हतो. बोटीवरून बोलावना आला तो एक दिवस पुढं ढकलला. म्हटला, येल." त्याने जाळ्याची गाठ आवळली. "नाय आलास."

एवढं तो सरळ आवाजात बोलला, त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. व्याही ओट्यावर बसले आणि रडायला लागले. इतक्या मोठ्या माणसाला असं रडताना बघवत नाही. मी समुद्राकडे पाहत राहिलो. इनास हातातली सुई खाली ठेवून म्हणाला, "रडतोस काय येड्या. जाला वालत घातलाय, भिजवशील." त्याच्या बायकोने दारातून डोकावून पाहिलं आणि चहा आणून ठेवला.

चहा झाल्यावर व्याह्यांना जरा धीर आला. म्हणाले, "मी सगळ्यांसमोर सांगनार. मांडवात माईक घेऊन सांगनार." इनास हसला. "कोनाला?" आणि तो बोटांवर मोजायला लागला. थोरला गेला. ट्रम्पेटवाला गेला. क्लॅरिनेटवाला दोन वर्षांमागे गेला. ज्यांच्या लग्नात हे झालं त्यातली नवरीही गेली आणि नवऱ्याला आता स्वतःचं नाव आठवत नाही. "आता मांडवात पोरा हायत. त्यांना तुजी उचकी आवडते, वाजव की." मग म्हणाला, "माजी आय व्हती. ती तवा मांडवात बसलेली, पुढच्या रांगेत. मरेपरेंत लोकांना सांगायची, माजा पोर चांगला वाजवायचा, बोटीवर गेला नि ताल विसरला. तिला सांगायला पायजे व्हता."

येऊन बस एकदा ड्रमवर, माझ्यासाठी नको, असाच बस, एवढंच व्याह्यांनी विनवलं. इनासने उजवा हात उचलून दाखवला. खांद्याच्या पातळीला येऊन तो थांबला. जन्मभर जाळी ओढून खांदा गेला होता. "वर जात नाय," तो म्हणाला, आणि पुन्हा सुई उचलली. दिवस मावळेपर्यंत आम्ही बसलो. ते दोघे बोलले ते पाण्याबद्दल, पापलेट मिळेनासं झालंय त्याबद्दल, कुणाला किती नातवंडं झाली त्याबद्दल. गाण्याचं नाव कुणी काढलं नाही.

आता व्याही दुपारी आमच्याकडे येत नाहीत. दोन वाजता ते पाचूबंदरला असतात. इनासला जाळ्याचा दुसरा पदर धरायला माणूस लागतो, आणि ह्यांना तेवढं येतं. चाफ्याची पुडीही तिकडेच जाते. मला हवी होती तशी दुपार मिळाली आहे. मी जेवून आडवा होतो आणि बहुतेक वेळा नुसता छताकडे बघत पडून राहतो. मध्ये एकदाच ते आले. बेल दाबली. मी दार उघडलं तर आत न येताच म्हणाले, "तुमी सोसायटीच्या अंकात लिहिता ना? हे लिहा. माईकवरून सांगायला कोन उरलं नाय, पन छापलेलं कुठेतरी राहतं." मी म्हटलं, काय लिहू? ते म्हणाले, "बाकी माझी काय टिंगल करायची ती करा. खाली एवढं एक लिहा."

तर लिहितो. चाळीस वर्षांपूर्वी त्या मांडवात, सगळा बँड एकीकडे आणि तो एकटा एकीकडे असताना, पाचूबंदरचा इनास ताल विसरलेला नव्हता. तो बरोबर वाजवत होता. हे ऐकायला त्याची आई हवी होती.